सॉफ्टबॉल शिकवताना खो-खो कामाला आला

मराठवाड्यातल्या शाळांत सॉफ्टबॉलला येणारी लेकरं क्रिकेट आणि खो-खो खेळूनच आलेली असतात. क्रिकेट येत असलं की सॉफ्टबॉल सोपा जाईल, असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. क्रिकेटच्या सवयी मोडाव्या लागतात आणि खरी मदत होते ती खो-खोची. नव्या तुकडीला नियम शिकवताना मी ज्या क्रमाने जातो, तोच इथे देतो.

आधी मैदान आखायचं, कारण निम्मे नियम रेषेवरच अवलंबून आहेत. होम प्लेट, म्हणजे जिच्या शेजारी बॅटर उभा राहतो ती पाटी, पाच कोनांची असते. तिच्या मागच्या टोकाला एक खिळा ठोका. तिथून सरळ समोर 25.86 मीटरवर दुसरा खिळा, तो सेकंड बेसचा मध्य. आता टेपचं शून्य होमच्या खिळ्याला आणि 36.58 चा आकडा सेकंडच्या खिळ्याला धरा. मधला 18.29 चा आकडा पकडून टेप ताठ होईपर्यंत उजवीकडे ओढला की फर्स्ट बेसचा कोपरा मिळतो, डावीकडे ओढला की थर्डचा. काटकोन आपोआप जुळतो. मग फक्की टाकायची. फर्स्ट आणि थर्ड हे बेस पूर्ण चौकोनाच्या आत बसतात. पिचरची, म्हणजे बॉल टाकणाऱ्याची, प्लेट महिलांच्या खेळात 13.11 मीटरवर आणि पुरुषांच्या 14.02 मीटरवर असते. हे अंतरही होमच्या मागच्या टोकापासूनच मोजायचं. पुढच्या कडेपासून मोजलं तर 43 सेंटिमीटर वाढतात आणि पिचरचा बॉल आखूड का पडतोय, हे कळत नाही.

आपल्याकडचं काळ्या मातीचं मैदान उन्हाळ्यात भेगाळतं. जमिनीलगत येणारा बॉल भेगेच्या कडेला लागून थेट तोंडावर उसळतो. निदान चार बेसच्या मधली जागा तरी मुरूम टाकून, पाणी मारून दाबून घ्या. बॉलचा घेर 12 इंच आणि वजन 180 ते 200 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे क्रिकेटच्या बॉलपेक्षा जड. नावात सॉफ्ट आहे म्हणून हेल्मेट आणि होममागे बॉल पकडणाऱ्या कॅचरचा मास्क टाळू नका.

एका संघात नऊ खेळाडू, सात इनिंग, तीन आउट झाले की बाजू बदलते. एवढं लेकरं दोन मिनिटांत उचलतात. पिचर बॉल खालून, हात कमरेजवळून नेत टाकतो. टप्पा पडून आलेला बॉल बॅटरने सोडून दिला तर तो ‘बॉल’ धरतात. मारायला जाऊन चुकला तर मात्र स्ट्राइक. तीन स्ट्राइकला आउट, चार बॉलला फर्स्ट बेस फुकट. दोन स्ट्राइकनंतर फाऊल मारला, म्हणजे बॉल रेषेबाहेर गेला, तर तिसरा स्ट्राइक धरत नाहीत, पण बंट करताना, म्हणजे बॅट न फिरवता बॉल नुसता टेकवताना, फाऊल झाला तर बॅटर आउट.

क्रिकेटची पहिली सवय नडते ती मागे मारण्याची. इथे होमपासून फर्स्टकडे आणि थर्डकडे जाणाऱ्या दोन रेषांमधला भागच फेअर, म्हणजे वैध. रेषासुद्धा फेअर. जमिनीवरून जाणारा बॉल फर्स्ट किंवा थर्डच्या अलीकडेच बाहेर जाऊन थांबला तर फाऊल. बेस ओलांडताना आत होता आणि पुढे बाहेर गेला, तर फेअर. दुसरी सवय, मारून उभं राहणं. फेअर बॉल लागला की पळावंच लागतं, तेही बॅट जागेवर टाकून. फर्स्टला पळत पुढे निघून गेलं तरी चालतं, फक्त सेकंडकडे वळायचं नाही. सेकंड किंवा थर्डला बेस सुटला आणि टॅग झाला, म्हणजे फिल्डरने हातातला बॉल अंगाला लावला, तर आउट.

आता जिथे सगळे अडतात ती जागा. फर्स्टवर रनर, म्हणजे आधीच बेसवर पोचलेला खेळाडू, आहे, बॅटरने जमिनीलगत मारलं. शॉर्टस्टॉपने, म्हणजे सेकंड आणि थर्डच्या मधल्या फिल्डरने, बॉल सेकंडला दिला, तिथल्या खेळाडूने नुसता बेसवर पाय ठेवला आणि अंपायरने आउट दिला. रनर हमखास म्हणतो, “सर, मला हात तर लावलाच न्हाई त्यानं!”

इथे मी खो-खो आठवायला सांगतो. मागून खो मिळाला की उठावंच लागतं, बसून राहता येत नाही. बॅटर पळाला की त्याचा खो फर्स्टवरच्याला, फर्स्टवरच्याचा सेकंडवरच्याला. ज्याला खो मिळाला त्याच्या पुढच्या बेसला बॉलसह पाय लावला की तो आउट. मधला बेस रिकामा असेल तर साखळी तुटते. रनर फक्त सेकंडवर असेल, फर्स्ट मोकळं असेल, तर त्याला खो नाही. त्याला बॉलने टॅगच करावं लागतं. आणि बॅटर फर्स्टला आधीच आउट झाला, तर त्याने दिलेला खोही गेला, मग पुढच्यांना टॅग हवा.

ही एक गोष्ट पक्की झाली की अवघड वाटणारे नियम सुटत जातात. फर्स्ट आणि सेकंड भरलेले, दोनपेक्षा कमी आउट आणि आतल्या भागात सोपा उंच झेल: इथे झेल मुद्दाम सोडून खोवर दोन आउट काढता आले असते. म्हणून इनफिल्ड फ्लाय जाहीर करून अंपायर बॅटरला लगेच आउट देतो. खो संपला, रनर सुरक्षित. तसंच, तिसरा आउट खो असलेल्या रनरचा असेल, तर त्याआधी दुसरा रनर होमला पोचून झालेली धावसुद्धा धरत नाहीत.

झेल घेतला गेला तर मात्र वेगळं. खो रद्द होतो, पण झेलाआधी बेस सोडलेल्या रनरला परत येऊन बेस शिवावा लागतो. त्याच्याआधी बॉल तिथे पोचला तर तो आउट. आणि पिचरच्या हातातून बॉल सुटेपर्यंत कोणत्याही रनरने बेस सोडायचा नाही.

सरावात प्रत्येक पिचआधी मी फिल्डरना ओरडून विचारतो, “खो कुठं?” फर्स्ट आणि थर्ड भरलेले असतील तर उत्तर फक्त “सेकंड!” आणि बॅटरसाठी “फर्स्ट!” थर्डवरचा होमकडे धावला तर कॅचरने प्लेटवर नुसतं उभं राहायचं नाही, बॉल धरलेला ग्लोव्ह खाली नेऊन त्याच्या पायाला लावायचा.