सायरनच्या बेटांपाशी दोन मिनिटं

इटलीत नेपल्स, पॉम्पेई, काप्री सगळं छान झालं, त्यावर नेटवर ढीगभर लिहिलेलं सापडेल, मला फक्त पोझितानोहून घेतलेल्या बोटीबद्दल लिहायचंय.

किनाऱ्यापासून थोडं आत ली गाल्ली नावाची तीन छोटी बेटं आहेत, गाण्याने खलाशांना भुलवून जीव घेणाऱ्या ग्रीक पुराणकथांमधल्या सायरन इथेच गायच्या असं प्राचीन काळापासून मानतात. बेटं खाजगी, त्यामुळे उतरता येत नाही, बोट नुसती बाजूने फिरवून आणतात, आणि पूर्ण वेळ स्पीकरवर धाडधाड गाणी! डोकं उठलं अक्षरशः. त्यात गाईडने माशाच्या शेपटीची बाई दाखवून हीच सायरन म्हणून सांगितलं, ते मला फार लागलं. अहो, ग्रीकांच्या सायरनला शेपूट नव्हतीच, पक्ष्याचं अंग आणि बाईचं डोकं! लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इ.स.पू. ५व्या शतकातला एक मातीचा घडा आहे, त्यावर ग्रीक वीर ओडिसियस, गाणं ऐकून त्यांच्याकडे जाऊ नये म्हणून डोलकाठीला बांधलेला, आणि एक सायरन कड्यावरून खाली झोकून देतेय, पंख पसरलेले, डोळे मिटलेले. मी तिथे किती वेळ उभी होते काय माहीत.

आणि त्या रूपाने भुलवायच्या हेही खरं नाही. होमरच्या ओडिसी या महाकाव्याच्या १२व्या सर्गात त्या ओडिसियसला म्हणतात की ट्रॉयच्या युद्धात तुम्ही काय काय सोसलंत ते आम्हाला ठाऊक आहे, जगात घडतं ते सगळं ठाऊक आहे, ऐक आणि शहाणा होऊन जा. दहा वर्षं लढून घरी निघालेल्या माणसाला त्याचीच गोष्ट कोणीतरी सांगतंय, तो दोर तोडायला बघणारच ना! खलाशांच्या कानात त्याने मेण आधीच भरलं होतं म्हणून वाचले.

हे मी आईला ओरडून ओरडून सांगत होते, अर्धं ऐकूच जात नव्हतं. शेवटी तीच उठली आणि बोटवाल्याला हाताने खूण केली, बंद कर बाबा. त्या भल्या माणसाने स्पीकरही बंद केला आणि इंजिनही. होमरने लिहिलंय की सायरनचं बेट आलं तसा वारा पडला, समुद्र निपचित झाला. आमच्या बोटीखाली नुसतं पाण्याचं चुबुक चुबुक, आणि वर कड्यावर समुद्रपक्षी ओरडत होते, कर्कश, लांबलचक, एकाने थांबवलं की दुसरा सुरू.

आई मान वर करून बघत राहिली. "म्हणजे पक्षीच होत्या तर," म्हणाली.