पुण्याच्या नाणेप्रदर्शनात: पाहावे कसे, भाव करावा कसा

पुण्यात कर्वे रस्त्यावरील सोनल हॉलमध्ये भरलेल्या नाण्यांच्या प्रदर्शनाला यंदा साताऱ्याहून जाऊन आलो. तेथे काय काय पाहिले याची यादी देण्यापेक्षा विक्रेत्याच्या टेबलासमोर कसे वागावे याविषयी लिहिणे मला अधिक उपयोगाचे वाटते. नाण्यांची माहिती पुस्तकांतून मिळते. ही रीत मात्र सहसा कोणी लिहून ठेवत नाही. शिवाय विक्रेत्याचा चांगला माल टेबलावर मांडलेला नसतो. तो त्याच्या पायाशी ठेवलेल्या पेटीत असतो, आणि ती पेटी कोणासाठी उघडायची हे तो समोरच्या माणसाचे वागणे पाहून ठरवतो.

प्रवासाचे थोडक्यात सांगतो. स्वारगेटला एस.टी.तून उतरल्यावर मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानकापर्यंत यावे, तेथे गाडी बदलून गरवारे महाविद्यालय स्थानकावर उतरावे; तेथून हॉल पायी जाण्याच्या अंतरावर आहे. स्वतःची गाडी कर्वे रस्त्यावर आणण्याच्या फंदात पडू नये. सोबत दहापट मोठे दाखवणारे भिंग, आपल्याकडे असलेल्या नाण्यांची यादी आणि काही रोख रक्कम असावी. यूपीआय बहुतेक टेबलांवर चालते, पण गर्दीत मोबाइलचे नेटवर्क ऐन वेळी दगा देते. प्लास्टिकची पाकिटे नेणार असाल तर ती पीव्हीसीची नसल्याची खात्री करावी, कारण त्या प्लास्टिकमुळे कालांतराने नाण्यावर हिरवट चिकट थर येतो.

दार उघडल्यानंतरचा पहिला तासभर विक्रेत्यांचे आपापसांतले व्यवहार चाललेले असतात. गावोगावचे विक्रेते त्या वेळी एकमेकांचा माल पाहतात, जुने हिशेब मिटवतात, आणि कितीतरी चांगले पीस जनतेच्या नजरेस पडण्याआधीच टेबल बदलतात. हे पाहून नवख्या माणसाला चुटपुट लागते, परंतु त्या घोळक्यात मान खुपसण्यात काही अर्थ नाही; बाजूला उभे राहून कोणाकडे कोणत्या प्रकारचा माल आहे एवढे हेरून ठेवावे. शेवटच्या दिवशी दुपारी सहकुटुंब आलेल्यांची गर्दी उसळते आणि मग शांतपणे ट्रे पाहणे अवघड होते. ज्याला खरोखर काही शोधायचे आहे त्याने पहिल्या दिवशी पहिला तास उलटल्यावर जावे, हे उत्तम.

टेबलाशी आल्यावर पिशवी, पाण्याची बाटली आणि चहाचा कप खालीच राहू द्यावा. पिशवी टेबलावर ठेवणारा माणूस चोर असतो असे नव्हे, पण तिच्यामुळे विक्रेत्याला ट्रेवर नजर ठेवता येत नाही आणि त्याचे अर्धे लक्ष तिच्याकडे लागून राहते. एका वेळी एकच ट्रे मागावा, नाणे ज्या खणातून उचलले त्याच खणात परत ठेवावे, आणि होल्डरमधून बाहेर काढण्यापूर्वी विचारावे. उघडे नाणे हाती आले तर ते कडांनी धरावे, ट्रेच्या किंवा कापडाच्या वर धरावे आणि त्यावर तोंड नेऊन बोलू नये. छायाचित्र घ्यायचे असल्यास परवानगी मागावी. बहुतेक जण देतात, पण दुसऱ्याने राखून ठेवायला सांगितलेल्या नाण्याचे छायाचित्र विक्रेत्याला नको असते.

कोपऱ्यातल्या एका टेबलावर मराठेशाहीतील तांब्याची नाणी होती. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी एक शिवराई उचलली. एका बाजूचे ‘श्री राजा शिव’ त्यांना वाचता आले, दुसऱ्या बाजूचे ‘छत्रपति’ मात्र नीट दिसेना, म्हणून त्यांनी अंगठ्याला थुंकी लावून ती बाजू चांगली घासली. विक्रेते वयस्कर होते. त्यांनी आवाज चढवला नाही, ट्रे स्वतःकडे ओढून घेतला आणि म्हणाले, “साहेब, हा रंग चढायला दोनशे वर्षं लागलीत.” घासलेल्या जागी तांब्याची लाली दिसू लागली होती. तांब्याच्या नाण्यावरचा काळपट-तपकिरी थर हीच त्याची साक्ष असते, आणि तो एकदा गेला की भावही उतरतो. ते गृहस्थ पुढे सरकले, आणि त्यानंतर त्या टेबलावरचे ट्रे बराच वेळ विक्रेत्यांच्याच बाजूला राहिले.

मला मराठेशाहीतला चांदीचा अंकुशी रुपया पाहायचा होता. या रुपयांवर मोगल बादशहाच्या नावाची फारसी अक्षरे आणि अंकुशाचे चिन्ह असते, परंतु ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने अंकुश बऱ्याचदा कडेबाहेर जातो. मी पूर्ण अंकुश असलेला पीस आहे का असे विचारले. विक्रेत्यांनी मखमलीच्या तुकड्यावर पाच-सहा रुपये मांडले आणि मला निवांत पाहू दिले. त्यांतले दोन मी बाजूला काढून विचारले, “यांचे काय?” ते म्हणाले, “एकेकाचे सव्वीसशे.” मी म्हटले, “शेठ, दोन्ही घेतो. काही करता येईल?” त्यांनी क्षणभर विचार केला. “दोन्हींचे अठ्ठेचाळीसशे द्या.” मी पैसे काढले. याहून खाली आणता आले असते का? कदाचित आले असते. परंतु पैसे मोजून झाल्यावर त्यांनी खालची पेटी वर घेतली आणि शिवराई नाण्यांचा एक गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. अक्षरांची वळणे, ठिपके आणि चिन्हे यांप्रमाणे ती वेगळी काढलेली होती आणि प्रत्येकाबरोबर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी होती. त्यांतले एकही मी त्या दिवशी घेतले नाही आणि त्याचे त्यांना काही वाटलेही नाही.

भाव करण्याच्या बाबतीत आपल्याकडे दोन टोके दिसतात. काही जण संकोचाने सांगितलेला भाव निमूट देतात, तर काहींना भाजीबाजारातल्याप्रमाणे निम्म्यापासून सुरुवात केल्याशिवाय चैन पडत नाही. “यात काही कमी होईल का?” हा प्रश्न कोणीही विचारावा, त्यात गैर काही नाही. मात्र स्वतः आकडा उच्चारायचा तर त्या आकड्याला घ्यायची तयारी असली पाहिजे, कारण विक्रेता ‘चालेल’ म्हणाला की सौदा झाला. त्यानंतर “जरा फिरून येतो” म्हणणे म्हणजे शब्द फिरवणे होय, आणि अशी गोष्ट दोन टेबलांपलीकडे पोहोचायला वेळ लागत नाही. फिरून यायचेच असेल तर आकडा न बोलता जावे. नाणे राखून ठेवायला सांगितले तर किती वाजेपर्यंत ते सांगावे आणि नको असल्यास परत येऊन तसे कळवावे. सकाळच्या बोहनीला विक्रेता बहुधा थोडा सैल असतो, पण बोहनी म्हणून वाटेल तो आकडा सांगून त्याच्या श्रद्धेचा फायदा घेऊ नये.

मोबाइलवर दुसरीकडचा भाव काढून विक्रेत्याच्या नाकासमोर धरण्याची नवी पद्धत मला अजिबात पसंत नाही, आणि ती फारशी उपयोगीही नाही. संकेतस्थळांवर दिसतो तो बहुधा मागितलेला भाव असतो. त्या भावाला माल गेला की नाही हे कळत नाही. लिलावाच्या निकालातील आकड्यावर खरेदीदाराचे कमिशन आणि कर चढतो, शिवाय तेथल्या नाण्याची कंडिशन आणि आपल्या हातातल्या पीसची कंडिशन एक नसते. अलीकडच्या लिलावात असेच नाणे किती गेले हे दोघांनाही ठाऊक असेल, तर त्यावर बोलणे जरूर व्हावे. पण ते समान माहितीवरचे बोलणे असावे, दटावणी नसावी.

दुसऱ्याच्या व्यवहारात तोंड घालणे हा सर्वांत मोठा अविवेक. एखादे नाणे समोरच्या ग्राहकाच्या हातात आहे तोवर त्यावर त्याचा पहिला हक्क असतो. त्याने ते खाली ठेवले की मगच आपण विचारावे. “हेच पलीकडे स्वस्तात आहे” हे वाक्य तर खरे असले तरी तेथे उच्चारू नये. याहून वाईट प्रकार म्हणजे विक्रेत्याच्या टेबलापाशी उभे राहून त्याच्याच ग्राहकाला आपल्या खिशातली नाणी दाखवणे. त्या विक्रेत्याने टेबलाचे भाडे भरलेले असते, प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च केलेला असतो, आणि त्याच्या दिव्याच्या उजेडात दुसऱ्याने धंदा करणे त्याला कसे रुचेल? असे व्यवहार करायचेच तर बाहेर चहाच्या टपरीवर करावेत.

विक्रेत्यांची बाजूही सगळी धुतल्या तांदळासारखी नाही. एका टेबलावर एकाही नाण्याला किमतीची चिठ्ठी नव्हती आणि ग्राहकाच्या पेहरावाप्रमाणे भाव बदलत होता. एकच नाणे एका विद्यार्थ्याला आणि थोड्या वेळाने एका सुटाबुटातल्या गृहस्थांना निरनिराळ्या किमतीला सांगितलेले मी स्वतः ऐकले. दुसऱ्या एका ठिकाणी शाळकरी मुलाला “घ्यायचं तर घे, नाहीतर पुढे हो” असे फटकारले गेले. दहा-वीस रुपयांच्या ढिगातून नाणी वेचणारा तो मुलगा उद्याचा ग्राहक आहे, एवढे तरी या धंद्यातल्या माणसाला कळायला हवे. अशा टेबलावर वाद घालू नये, पैसेही खर्च करू नयेत.

बनावट नाण्यांविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. शिवकालीन सोन्याच्या होनाच्या नकला आणि सहाव्या जॉर्जचा 1939 चा दुर्मीळ रुपया म्हणून खपवले जाणारे पीस यांपासून विशेष सावध राहावे. संशय आला तर लोहचुंबक लावण्यापूर्वी किंवा वजन करण्यापूर्वी विक्रेत्याची परवानगी घ्यावी. प्रामाणिक विक्रेता स्वतःचा काटा पुढे करतो. ब्रिटिश अमलातील चांदीच्या रुपयाचे वजन 11.66 ग्रॅम असते, मात्र केवळ वजनावर विसंबू नये. 1940 पासून चांदीचे प्रमाण 91.7 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर आले तरी वजन तेच राहिले. सालाच्या आकड्याभोवतीची जमीन, म्हणजे नाण्याचा सपाट भाग, भिंगाखाली खरवडल्यासारखी दिसते का आणि कडेवरच्या रेषा अखंड आहेत का, हे पाहावे. नाणे खोटे वाटले तरी चारचौघांत तसे जाहीर करू नये. खाली ठेवून निरोप घ्यावा. किमती नाणे घेताना बिलावर नाण्याचे पूर्ण वर्णन आणि ते अस्सल नसल्यास परत घेण्याची हमी लिहून मागावी. तसे लिहून द्यायला कोणी कां-कूं करत असेल तर निर्णय सोपा होतो. घरी आल्यावर शंका आली, तर आधी विक्रेत्याला एकांतात विचारावे. बहुतेक वेळा प्रश्न तेथेच मिटतो.

आपली नाणी विकायला नेणाऱ्यांनी गर्दीची वेळ टाळावी आणि आपली अपेक्षा आधी सांगावी. “तुम्हीच सांगा किती देता” असे म्हणून पाच टेबलांवर फुकट किंमत काढून घेणारा माणूस सहाव्या टेबलावर जाईपर्यंत ओळखला जातो. विक्रेता विक्रीच्या भावाने खरेदी करणार नाही, हेही मनाशी धरून जावे. वैष्णोदेवीचे चित्र असलेले 2012 चे पाच रुपयांचे नाणे किंवा ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट लाखोंना जाते, अशा अफवा ऐकून आलेली मंडळी याही वेळी दिसली. त्यांची समजूत घालता घालता विक्रेत्यांची दमछाक होते. रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क मागून जुनी नाणी-नोटा विकत घेण्याचे आमिष दाखवणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा बँकेनेच ऑगस्ट 2021 मध्ये दिला होता. घरातल्या ज्येष्ठांना तो जरूर सांगावा.

कायद्याच्या दोन गोष्टी टेबलावर बोलण्यात येतातच. कोणी “शेतात नांगरताना सापडली” असे सांगून मातीसकट नाणी दाखवत असेल, तर कितीही मोह झाला तरी हात लावू नये; दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे 1878 च्या कायद्याने बंधनकारक आहे. अमेरिकेत किंवा दुबईत राहणारे आपले नातेवाईक भेट म्हणून जुना रुपया मागतात, त्यांनाही स्पष्ट सांगावे, की किमान शंभर वर्षांचे नाणे 1972 च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. पंचम जॉर्जचा 1917 चा साधा रुपयाही त्यात मोडतो. अशा पाहुण्यांसाठी स्वतंत्र भारताची नाणी घ्यावीत. गोलसर कोपऱ्यांचे चौकोनी दोन आणे, चौकोनी पाच पैसे आणि लाटेसारख्या कडेचे दहा पैसे ढिगात सहज मिळतात, आणि ती निवडताना मुलांचाही वेळ छान जातो.