तुम्ही विचारलंत म्हणून: मूळ आहे तसंच का नाही वाजवत?

चर्चमधली जुनी गीतं मी माझ्या पद्धतीने बांधते आणि पियानोवर रेकॉर्ड करते. ऐकून झालं की कुणी ना कुणी विचारतंच, "छान आहे, पण मूळ आहे तसंच का नाही वाजवत?" विचारण्यात राग नसतो, थोडी काळजी असते. लहानपणापासून तोंडात बसलेल्या गीताला कुणी हात लावला की माणूस सावध होतोच. मीही होते.

पण मूळ म्हणजे कुठलं? 'अबाइड विथ मी' लिहिणारे हेन्री लाइट १८४७ साली क्षयाने गेले. आज आपण ते ज्या चालीवर गातो, ती विल्यम मंक यांनी बांधली १८६१ साली. लाइटनी ती कधी ऐकलीच नाही. 'अमेझिंग ग्रेस'चंही तेच. जॉन न्यूटन १८०७ मध्ये वारले आणि आजची चाल त्या शब्दांना जोडली गेली १८३५ मध्ये. या चालींना म्हणूनच स्वतंत्र नावं असतात, पहिलीचं 'ईव्हनटाइड', दुसरीचं 'न्यू ब्रिटन'. छंद जुळला की एकीचे शब्द दुसरीवर बसतात, ओवीला निरनिराळ्या चाली लागाव्यात तसे. मार्टिन लूथरच्या 'आइन फेस्टे बुर्ग' या जर्मन गीताची लय तर मुळात चांगली उड्या मारणारी होती. पुढच्या पिढ्यांनी ती सपाट केली आणि आता बहुतेकांना ती सपाटच 'मूळ' वाटते.

हा झाला वादाचा मुद्दा, आणि खरं सांगायचं तर तो मी नंतर शोधला. खरं कारण पियानोच्या पोटात आहे.

गीतांच्या पुस्तकातलं पान चार आवाजांसाठी लिहिलेलं असतं, उंच ते खालचा असे: सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस. माणसाचा आवाज सूर धरून ठेवतो, हवं तर मध्येच फुगवतो. पियानोची हातोडी तारेवर पडली की त्याच क्षणापासून सूर विझायला लागतो. 'ईव्हनटाइड'ची पहिली ओळ बघा: ग ग रे सा प, ध प प म ग. शेवटचा ग चार मात्रांचा. गाणारे तिथे रेंगाळतात, मग दम घेतात. पियानोवर तो ग दुसऱ्या मात्रेलाच पातळ होतो, चौथीला जवळजवळ उरत नाही. म्हणजे पान जसंच्या तसं वाजवलं की पानावर जे आहे तेच ऐकू येत नाही.

दुसरी अडचण पेडलची. सूर लांबवायला उजवा पेडल दाबला की तारांचा आवाज थांबवणारे सगळे डॅम्पर उचलले जातात आणि आधीचं सगळंच घुमत राहतं. पुस्तकात स्वरसंगती, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, जवळजवळ दर मात्रेला बदलते. चार आवाजांत ते सुंदर लागतं, पेडलखाली त्याचा चिखल होतो. म्हणून मी खालचे सूर विरळ करते, कधी मात्रांच्या अख्ख्या गटाला एकच संगती ठेवते. चाल कधी डाव्या हाताच्या अंगठ्याकडे देते, कारण खालच्या, लांब तारा जास्त वेळ बोलतात. चालीतला एकही सूर मात्र बदलत नाही. हा नियम माझा मीच केलाय, आणि मोडावासा वाटतो तेव्हा बहुतेक वेळा मला नुसतं मिरवायचं असतं.

मिरवलंही आहे. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक लांब सुराखाली मी झऱ्यासारखे सूर सोडले होते. वर-खाली, वर-खाली. मला फार आवडलं होतं. मग मावशीला ऐकवलं. ती नेहमीप्रमाणे बरोबर गायला लागली आणि दुसऱ्या ओळीला थांबली. म्हणाली, "अगं, श्वास कुठे घेऊ?"

त्या दिवशी ते रेकॉर्डिंग पुसलं.

आता बांधणी करताना आधी सगळी कडवी म्हणून बघते. शब्द नसले तरी कडवी वेगळी ऐकू यायला हवीत. एकच चाल चारदा वाजवली तर चौथ्यांदा कुणी ऐकत नाही. मरणाच्या कडव्याला डावा हात जवळजवळ गप्प. पट्टी वर चढवून शेवट दणक्यात करायची सोपी युक्ती मी शक्यतो टाळते. (शक्यतो.)

परवानगीचंही विचारता, तर थोडक्यात: इतक्या जुन्या शब्दांवर आणि चालींवर कुणाचा हक्क उरलेला नाही. पण जुनं वाटणारं प्रत्येक गीत जुनं नसतं. 'हाऊ ग्रेट दाऊ आर्ट'ची मूळ स्वीडिश कविता १८८५ची, पण स्टुअर्ट हाइन यांचे इंग्रजी शब्द १९४९चे. त्याचे हक्क अजून जिवंत आहेत, म्हणून ते मी बाजूला ठेवलंय.

रेकॉर्डिंगला मी रात्री बसते. दोन माइक तारांच्या फार जवळ ठेवले तर हातोड्यांची टकटक येते, लांब नेले तर खोली ऐकू येते. स्टूल करकरतं, पेडल उसासे टाकतो. सगळं सांभाळून परवा 'ईव्हनटाइड'चा एक टेक मनासारखा आला. हेडफोन लावून ऐकलं तर शेवटच्या कडव्यात पियानोच्या मागे कुणीतरी गुणगुणतंय. मीच होते. ओळ संपते तिथे माझा श्वासही स्पष्ट ऐकू येतो.

पुन्हा वाजवून पाहिलं, ओठ घट्ट मिटून. त्या टेकमध्ये ओळींच्या शेवटी मी घाई केली होती. गुणगुणलेलाच ठेवलाय.