गॉर्डियन: गाठ कापली की सोडवली?

अंकाराहून पोलात्लीपर्यंत जलद रेल्वे आहे. तिथून यासिहोयुक या खेड्यापर्यंत टॅक्सी करावी लागते. वाटेत दोन्ही बाजूंना शेतं आणि त्यांतून मध्येच वर आलेल्या गोलसर टेकड्या दिसतात. या टेकड्या म्हणजे माणसांनी माती रचून उभारलेली थडगी. परिसरात अशी शंभराच्या वर आहेत. प्राचीन काळी आजच्या तुर्कस्तानात राहणाऱ्या फ्रिजियन लोकांची राजधानी गॉर्डियन ती हीच. २०२३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत तिचं नाव आलं.

मी आले होते गाठीसाठी. गोष्ट अशी की, गॉर्डियास नावाच्या गरीब शेतकऱ्याच्या नांगराच्या जुवावर एक गरुड येऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत उठलाच नाही. पुढे फ्रिजियन लोकांत भांडणं पेटली. ‘गाडा तुम्हाला राजा आणून देईल’ अशी देववाणी झाली, आणि लोक विचार करत असतानाच गॉर्डियासचा मुलगा मिडास आईबापांना घेऊन गाड्यातून हजर! (सोन्याच्या स्पर्शाची गोष्ट ज्याच्या नावावर आहे, तोच मिडास.) त्यानं तो गाडा झ्यूसला अर्पण केला. गाड्याचं जू दांडीला झाडाच्या सालीच्या दोरानं असं बांधलं होतं की दोराचं टोकच कुठे दिसत नसे. ही गाठ जो सोडवेल, तो आशियाचा स्वामी होणार.

इ.स.पू. ३३३ मध्ये इथे अलेक्झांडर आला. त्यानं तलवार काढली आणि गाठ कापली, हे शाळेपासून ऐकलेलं. पण अ‍ॅरियन हा इतिहासकार दुसरी हकिकतही देतो. अलेक्झांडरच्या मोहिमेत असलेल्या अ‍ॅरिस्टोबुलसच्या मते तलवार निघालीच नाही. दांडीतून आरपार गेलेली लाकडी खीळ अलेक्झांडरनं उपसली आणि जू सरळ ओढून बाजूला घेतलं. बैलगाडी जवळून पाहिलेल्या माणसाला हे चटकन पटतं. गाठीकडे बघत बसण्यापेक्षा जू कशावर टेकलंय ते बघायचं. मला ही हकिकत जास्त आवडते, जरी अ‍ॅरिस्टोबुलस आपल्या राजाला सांभाळून घेणारा लेखक होता हे खरं असलं तरी.

गाठीचा अर्थ काढताना सगळे ‘धाडसी निर्णय’ वगैरे म्हणतात. अ‍ॅरियन मात्र एक व्यवहारी गोष्ट सांगून जातो: गाठ तशीच सोडून निघालं तर लोकांत चलबिचल होईल, ही अलेक्झांडरला काळजी होती. त्याच सुमारास, नुकतीच लग्नं झालेली म्हणून हिवाळ्यापुरते घरी पाठवलेले मॅसेडोनियन सैनिक नव्या तुकड्यांसह इथे परतले होते. एवढ्या लोकांदेखत हार कशी मानणार? त्या रात्री ढगांचा गडगडाट झाला, विजा चमकल्या, तेव्हा देवांनीही होकार दिला असं ठरलं. मला तरी हा प्रसंग शौर्यापेक्षा सभा जिंकण्याचा वाटतो.

गाडा काही बघायला मिळत नाही. बालेकिल्ल्याच्या टेकाडावर दगडी प्रवेशद्वाराच्या जाड भिंती आहेत, जवळच साकार्या नदी वाहते. खरा थरार मोठ्या थडग्यात आहे. उंची सुमारे ५३ मीटर. १९५७ मध्ये रॉडनी यंग यांच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या चमूनं बोगदा खणून आत शिरकाव केला, तेव्हा लाकडी ओंडक्यांची अख्खी खोली उभी सापडली. ती इ.स.पू. ७४० च्या आसपासची. आत एका वयस्क पुरुषाचा सांगाडा होता. याला ‘मिडासचं थडगं’ म्हणतात, पण काळ पाहता हा बहुधा त्याचा बाप असावा. भांड्यांतल्या अवशेषांवरून अंत्यविधीच्या जेवणाचा बेतही कळला: मांस आणि मसुराचं कालवण, सोबत द्राक्षाची दारू, जवाची बिअर आणि मधाचं मद्य, सगळं एकत्र मिसळून!

आता बोगद्यातून चालत जाऊन गजांपलीकडचे ते ओंडके बघता येतात, मात्र खोली रिकामी आहे. आतलं कोरीव लाकडी सामान अंकाराच्या अनातोलियन संस्कृती संग्रहालयात ठेवलं आहे. जाणार असाल तर आधी ते बघा आणि मगच इकडे या.