डाउनहिल वर्ल्ड्स बघायला इटलीचा व्हिसा काढला, माझा अनुभव

शेवटी माझा आणि दादाचा, दोघांचेही पासपोर्ट व्हिसा लागून घरी आले आणि ऑगस्टच्या शेवटी आम्ही इटलीत वाल दि सोलेला डाउनहिलची वर्ल्ड चॅम्पियनशिप बघायला जातोय!! ठाण्यातून नुसती सायकलची रेस बघायला युरोपला गेलेलं ओळखीत कोणी सापडलं नाही, सगळं विचारत विचारत करावं लागलं, म्हणून लिहून ठेवतेय.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. डाउनहिल म्हणजे डोंगरावरून एकेक रायडर सुटतो, खाली पोचायला साधारण साडेतीन मिनिटं, ज्याचा टाइम सगळ्यात कमी तो जिंकला. वर्ल्ड कपच्या सीझनला पॉइंट्स साठत जातात, एखादी रेस खराब गेली तर पुढे भरून काढता येते, पण वर्ल्ड्स, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिप, वर्षातून एकदाच आणि फायनलला एकच रन, पडलात तर वर्ष गेलं. रायडर टीमच्या नाही तर देशाच्या जर्सीत उतरतात आणि जिंकणारा पुढचं वर्षभर पाच रंगांच्या पट्ट्यांची पांढरी जर्सी घालतो.

आणि वाल दि सोलेच का, तर तिथला ट्रॅक. नाव ब्लॅक स्नेक, लांबी जेमतेम दोन किलोमीटर, पण उतार भयंकर, सगळीकडे झाडांची मुळं आणि सुटे दगड. 2008 ची वर्ल्ड्स इथेच झाली, तेव्हा ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल सगळ्यांच्या कितीतरी पुढे होता आणि अगदी शेवटच्या वळणावर घसरला, तरीही उठून तिसरा आला, जिंकला ब्रिटनचा जी आथर्टन. ते रन दादाने मला मी कॉलेजात असताना दाखवलं होतं आणि तिथून मला हे वेड लागलं. 2016 ला डॅनी हार्ट इथेच जिंकला, 2021 ला ग्रेग मिन्नार इथेच जिंकला, 39 व्या वर्षी, चौथ्यांदा. त्या रात्री दादा हॉलमध्ये इतका ओरडला की खालचे काका वर आले होते. तेव्हाच ठरलं होतं की पुढच्या वेळी इथे वर्ल्ड्स आली की जायचंच, आणि 2026 ची आली.

आता व्हिसा. सगळ्यात आधी एका एजंटकडे गेलो, तो म्हणाला रेसबिस काही लिहू नका, रोम-व्हेनिस-फ्लोरेन्स टाका, नेहमीचं आहे, पटकन होतं. मला हे अजिबात पटलं नाही. आमचं राहण्याचं बुकिंग डोंगरातल्या एका छोट्या गावातलं, रोम बघायला आलेला माणूस तिथे मुक्काम कशाला करेल? आणि खोटं लिहायची गरज काय, रेस बघायला जाणं म्हणजे टुरिझमच आहे की. मग एजंट सोडला आणि कव्हर लेटर मी स्वतः लिहिलं. त्यात स्पष्ट टाकलं की आम्ही दोघं भाऊ-बहीण, येऊरला सायकल चालवतो, ही स्पर्धा प्रेक्षक म्हणून बघायला जातोय, भाग घेणार नाही. खाली दिवसवार प्लॅन, कुठल्या दिवशी कुठे मुक्काम, कुठून कुठली ट्रेन. मिलानला उतरून व्हेरोना, व्हेरोनाहून ट्रेंटो, आणि ट्रेंटोहून मालेची छोटी ट्रेन. हॉटेल मालेला घेतलं कारण रेसच्या गावातलं सगळं परवडण्याच्या पलीकडे गेलं होतं आणि ही ट्रेन पुढे थेट दाओलासाला, म्हणजे रेसच्या ठिकाणी, जाते, स्टेशनलाच लागून वर जायची गोंडोला (रोपवे). बुकिंग फ्री कॅन्सलेशनचंच घ्या, व्हिसा येईपर्यंत पैसे अडकवू नका.

कागद माझे वेगळे, दादाचे वेगळे. मी ऐरोलीला नोकरीला, म्हणजे सॅलरी स्लिपा, तीन वर्षांचे आयटीआर, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि ऑफिसचं रजेचं पत्र. एचआरने आधी नुसतं 'शी इज अवर एम्प्लॉयी' एवढंच दिलं, ते परत करून घेतलं, त्यात रजेच्या तारखा आणि ही परत येऊन कामावर रुजू होणार हे वाक्य पाहिजेच. दादाचं कोलशेतला छोटं वर्कशॉप आहे, त्याला उद्यम रजिस्ट्रेशन, जीएसटीचं सर्टिफिकेट, वर्कशॉपच्या खात्याचं वेगळं स्टेटमेंट आणि स्वतःच्या खात्याचं वेगळं. बँकेत प्रत्येक पानावर शिक्का आणि सही घ्यायला गेलो तर शिक्क्याची शाई सुकलेली, अर्धी पानं फिकट निघाली, मग त्या मॅडमनी दुसऱ्या टेबलवरून पॅड आणून सगळी पानं परत मारून दिली. खरंच मनापासून आभार, कुठे जाताय विचारल्यावर त्यांनी रेसचा व्हिडिओ पण बघितला.

फोटो 35 बाय 45 मिलिमीटर, मागे पांढरं. गोखले रोडवरच्या स्टुडिओवाल्या काकांनी प्लास्टिकची पट्टी लावून हनुवटीपासून डोक्यापर्यंत मोजलं आणि म्हणाले ताई केस खाली घ्या, चेहरा लहान येतोय. इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा लागतो, तो ऑनलाइन लगेच होतो.

खरा त्रास अपॉइंटमेंटच्या स्लॉटचा. नियमाने सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावा लागतो, पण उन्हाळ्यात अख्खी मुंबई युरोपला निघालेली असते. रात्री उशिरापर्यंत दोघं दोन लॅपटॉप घेऊन बसायचो, स्लॉट दिसायचा आणि क्लिक करेपर्यंत जायचा, आणि आम्हाला दोघांना एकाच दिवशी हवा होता. सलग बऱ्याच रात्री असं करून एकदाचा मिळाला.

व्हिसा सेंटरवर काउंटरच्या मुलीने कव्हर लेटर वाचलं आणि थांबली. मॅडम, रेस म्हणजे तुम्ही खेळणार का, मग आयोजकांचं इन्व्हिटेशन लागेल. मी तिला प्रेक्षकवालं वाक्य दाखवलं, सोबत स्पर्धेच्या कार्यक्रमाची प्रिंट होती ती दिली, ती आत सीनियरला विचारून आली आणि ठीक आहे म्हणाली. म्हणून सांगते, 'भाग घेणार नाही' हे लिहाच. मग बोटांचे ठसे. दादाची बोटं वर्षानुवर्षं स्पॅनर, ग्रीस, चेनमध्ये घासून गुळगुळीत झालीयेत, मशीन घेईचना. त्या माणसाने शांतपणे ओल्या टिश्यूने पुसून, एकेक बोट दाबून परत परत घेतलं. हाताने काम करणाऱ्यांनी वेळ काढूनच जा. फी माणशी 90 युरो, वर सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा, आणि व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही.

त्यानंतर नुसती वाट बघणं. पंधरा दिवस म्हणतात, पण नियमात पंचेचाळीसपर्यंत जाऊ शकतं असंही आहे, त्यामुळे मेसेज वाजला की छातीत धस्स व्हायचं. संध्याकाळी घरी जुन्या रेस लावायचो, आई स्वयंपाकघरातून डोकावून जायची, बाबा मात्र हळूहळू बसायलाच लागले. त्यांना वाली होल आवडते. ऑस्ट्रियाची, 2022 पासून 2025 पर्यंत सलग चार वर्षं वर्ल्ड चॅम्पियन, यंदा जिंकली तर पाच. बाबांनी विचारलं सलग सगळ्यात जास्त कोणाच्या, मी सांगितलं फ्रान्सच्या अॅन-कॅरोलिन शॉसोंच्या, 1996 ते 2003, आठ. तर म्हणतात मग हिला अजून वेळ आहे.

मुलांमध्ये माझं सगळं लक्ष कॅनडाच्या जॅक्सन गोल्डस्टोनवर. 2021 ला याच वाल दि सोलेला तो ज्युनियरचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, मग गुडघ्याच्या दुखापतीने 2024 चा सीझन गेला आणि 2025 ला शाँपेरीला थेट एलिटची, म्हणजे मोठ्यांच्या मुख्य गटाची, जर्सी जिंकून आला. ज्या डोंगरावर ज्युनियर म्हणून जिंकला तिथेच आता पट्ट्यांची जर्सी वाचवायला उतरणार, मला तर विचार करूनच झोप लागत नाही. दादा म्हणतो फ्रान्सच्या लोइक ब्रूनीला विसरू नकोस, एलिटच्या पाच वर्ल्ड्स जिंकलेला माणूस आहे, मोठ्या दिवशी त्याच्यासारखं डोकं कोणाचं चालत नाही. यावरून आमचं रोज वाजतं.

प्लॅन असा ठरलाय की प्रॅक्टिसच्या दिवशी ट्रॅकच्या कडेने चढत वर मुळांच्या जंगलात जायचं, कारण टीव्हीवर उतार कधीच कळत नाही आणि रायडर कुठली लाइन घेतात, म्हणजे मुळांदगडांतून नेमकी कुठून सायकल काढतात, ते मला जवळून बघायचंय. फायनलला खाली, फिनिशच्या वळणापाशी, तिथे दादाला सॅम हिलची जागा बघायचीय आणि स्क्रीनही दिसेल. तिथले लोक गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवतात, आम्ही घरच्या गणपतीच्या आरतीच्या झांजा नेतोय, आईने काल घासून पण ठेवल्या. त्या चेक-इनच्या बॅगेतच टाकणार, केबिनमध्ये उगाच कोणी अडवायला नको.