फणसाच्या नावातला जॅक कोण?

गोव्यात फोंड्याजवळच्या एका कुळागरात मी पाहुण्यांना बाग दाखवतो. मिरी, जायफळ, वेलची झाली की फणस येतो आणि मग प्रश्न ठरलेला: जॅकफ्रूटमधला हा जॅक कोण?

एप्रिलमधल्या त्या सकाळी प्रश्नाआधी उत्तरच आलं. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका इंग्रज गृहस्थांनी सगळ्यांना सांगून टाकलं, विल्यम जॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञावरून हे नाव पडलं. माणूस खरा आहे, पण जन्मला १७९५ साली! नाव त्याच्या कितीतरी आधीचं.

मी तोंड उघडणार, तोच लिस्बनहून आलेल्या एक बाई म्हणाल्या, "आमच्याकडे झाका म्हणतात." स्वयंपाकघराच्या पायरीवर आमच्या केरळच्या चेची (म्हणजे ताई) हाताला खोबरेल चोळून फणस फोडत बसल्या होत्या. कोयतीवरचा चीक पुसता पुसता, मानही वर न करता त्या म्हणाल्या, "चक्का."

झालं की! मल्याळम चक्का, पोर्तुगीज झाका, इंग्रजी जॅक.

मला याहून गंमत वाटते ती पुढची. गार्सिया द ओर्ता हा वैद्य गोव्यातच राहायचा आणि त्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली इथेच छापला गेला. (पणजीत आज त्याच्या नावाची बाग आहे. १५८० मध्ये मात्र इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली होती.) मलबारातलं, म्हणजे केरळच्या किनाऱ्यावरचं 'जाका' आणि इकडचं 'पनस' ही दोन्ही नावं त्याने नोंदवली आहेत. मग आपलं पनस मागे का पडलं? मला वाटतं, कारण साधं आहे. पोर्तुगीज गलबतं १४९८ मध्ये मलबारातल्या कालिकतकडे लागली, गोवा हाती आला १५१० मध्ये. तोवर मलबारी नाव जिभेवर बसलेलं. मँगोच्या मुळाशीही मल्याळम 'मांगा'च आहे.

साहेब गरे खात ऐकत होते. आठळी बाजूला ठेवून म्हणाले, "आणि काजू?" तो ब्राझीलचा, पोर्तुगीजांनीच आणलेला, नावही तिकडच्याच तुपी भाषेतलं. तेवढ्यात चेचींना हसू फुटलं. त्यांच्याकडे काजूच्या झाडाला 'परंगी मावु' म्हणतात, म्हणजे फिरंग्यांचा आंबा! लिस्बनच्या बाईंनी लगेच वही काढली आणि मलाच दोनदा उच्चार करायला लावला. चेची आतून ओरडल्या, "चुकतंय तुमचं!"