फरशी तापवण्याचा उद्योग

सोलापूरला मे महिन्यात दुपारची जेवणं उरकली की आई शहाबादीवरून ओलं फडकं फिरवायची आणि हाताची उशी करून तिथंच आडवी व्हायची. गादी नाही, सतरंजी नाही. अंगातली उष्णता ओढून घेणं हे त्या फरशीचं काम, आणि ती ते चोख करायची. कॅनडातली फरशी जानेवारीत हेच काम करते, तेव्हा मात्र आपण तिला शिव्या घालतो.

मिसिसागाच्या आमच्या घराला मागे एक वाढवलेली खोली आहे. खाली तळघर नाही. माती आणि तिच्यावर काँक्रीटचा स्लॅब. आईला गुडघ्यांमुळे जिना नको, म्हणून ही खोली तिची. घर तापवणाऱ्या फर्नेसची, म्हणजे भट्टीची, गरम हवा यायची ती छताशी जाऊन बसायची. हवा २१ अंश आणि स्लॅबवर ठेवलेला थर्मामीटर १३ दाखवायचा. पायमोज्यांचे दोन जोड, वर सपाता, अशा थाटात आई म्हणाली, “तुझं घर कमरेपासून वर गरम आहे.”

कुबट वासाचं जुनं कार्पेट उखडलं आणि ठरवलं, नव्या टाइल्सखाली विजेच्या गरम वायरी घालायच्या. पण आधी स्लॅबला ओल आहे का ते बघायला हवं. त्यासाठी प्लास्टिकचा एक तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी लावून जमिनीवर ठेवायचा आणि दोनेक दिवसांनी आतून दव धरलंय का ते पाहायचं. आईने ते प्लास्टिक पाहिलं आणि विचारलं, “पापड घालतोयस? इथं कुठलं ऊन?”

दव धरलं नव्हतं. पण स्लॅबवर थेट वायर टाकायची म्हणजे खिडक्या सताड उघड्या ठेवून एसी लावण्यासारखं. स्लॅब आणि त्याखालची माती निम्मी ऊब गिळून बसणार. म्हणून आधी अर्ध्या इंचाचे फोमचे कडक बोर्ड चिकटवले, त्यांच्यावर वायरीची जाळी. कपाट आणि पलंगाखालची जागा सोडली, कारण तिथली उष्णता कोंडते. उरली १०० चौरस फूट. फुटाला १२ वॅट, म्हणजे सगळी मिळून १२०० वॅट. एका इस्त्रीएवढी वीज. सबंध खोलीला एक इस्त्री फिरवतोय, असं मी बायकोला समजावलं. तिने माझ्या शर्टाकडे पाहिलं.

या कामात खरी भीती एकच. जाळी वळवायला कापली तरी चालते, वायर कापायची नाही. थापीचा कोपरा लागून ती आत कुठं तुटली, तर वरची टाइल फोडण्यावाचून गत नाही. म्हणून मीटर लावून वायरीचा विजेला होणारा रोध मोजत राहायचा; आकडा बदलला की वायर दुखावली. आमच्या जाळीचा ४८ ओहम. खोक्यातून काढल्यावर ४८, अंथरल्यावर ४८. मग सिमेंट पसरताना तर मी दर ओळीला मोजत होतो, आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकासारखा. लोखंडी थापी मुद्दाम दूर ठेवली होती. प्लास्टिकच्या थापीने हात भरून आले. शेवटची टाइल बसली तेव्हा मीटरवर ४८ होते आणि माझी कंबर गेली होती. झाकण्याआधी मोजायची टेप शेजारी धरून फोटोही काढून ठेवले, पुढेमागे कुणी तिथं ड्रिल चालवू नये म्हणून.

थर्मोस्टॅट इलेक्ट्रिशियनने जोडला. त्याचा सेन्सर दोन वायरींच्या बरोबर मधे, फरशीच्या पोटात. सिमेंट पुरतं सुकेपर्यंत चालू करायचं नव्हतं, तेव्हा चार आठवडे थंड टाइल्सवरून चालत काढले. आईला या थांबण्याचं काही वाटलं नाही. “लोणचंसुद्धा मुरायला वेळ घेतंच की.”

फेब्रुवारीच्या शेवटी बटण दाबलं, २८ अंशांवर. तासाभराने आई अनवाणी आली, थबकली, एक पाऊल मागे घेऊन पुन्हा पुढं टाकलं. कोरियात शतकानुशतकं ओंडोल म्हणजे चुलीचा धूर जमिनीखालून फिरवून घर उबवण्याची रीत होती आणि लोक त्या जमिनीवरच निजायचे, हे मी तिला सांगत होतो. ती ऐकत नव्हती. आमच्या वाड्यात चुलीमागची जी जागा मांजराची असायची, तसली जागा तिला सापडली होती.

“यावर जाड काही अंथरायचं नाही,” एवढं मात्र बजावून सांगितलं. तिने मान हलवली.

पुढच्या रविवारी पहाटे खोलीत गेलो तर फरशी गार. थर्मोस्टॅट मात्र शांतपणे २८ दाखवतोय. पोटात गोळा आला. मीटर शोधायला वळलो तेव्हा खोलीच्या मधोमध सोलापुरी चादरीत गुंडाळलेलं काहीतरी दिसलं. नेमकं सेन्सरवर. चादरीखाली ऊब कोंडली, सेन्सरला वाटलं सगळी फरशी तापली, आणि त्याने रात्रभर वीज बंद ठेवली.

चादर उलगडली. आत इडलीच्या पिठाचं पातेलं होतं, आणि झाकण पिठाने वर उचललेलं. पाच हिवाळ्यांत आमच्या घरी पीठ असं कधी फुगलं नव्हतं.

“हात लावू नकोस,” आई पलंगावरून म्हणाली, “खाली बसेल.”